विचारलं तर डोक्यात येईल, ही भीती आधी बाजूला ठेवा

पत्र थोडक्यात, ओळख कळू नये म्हणून तपशील बदलून: इंदूरच्या एका आईने लिहिलं आहे. मुलगी सोळा वर्षांची, अकरावीत, भंवरकुआंच्या एका कोचिंगमध्ये मेडिकल प्रवेशाच्या नीट परीक्षेची तयारी करते. मे महिन्याच्या उकाड्यातही ती घरात पूर्ण बाह्यांचा कुर्ता घालते. एका रात्री ती झोपेत असताना बाही वर सरकली आणि आईला तिच्या डाव्या हातावर बारीक खुणा दिसल्या, काही जुन्या, काही ताज्या. आईने सकाळी काही विचारलं नाही. मुलीचा मोबाइल गुपचूप तपासला, त्यात काही सापडलं नाही. नवऱ्याला सांगितलं तर ते म्हणाले, "हल्ली मोबाइलवर बघून करतात. तू विषय काढलास तर उलट नको ते डोक्यात जाईल." सासूबाईंच्या मते ही अभ्यास टाळण्याची नाटकं आहेत. फेब्रुवारीत मुलीच्या बॅचमधला एक मुलगा आत्महत्येने गेला. त्याबद्दल घरात एकदाच बोलणं झालं, पुन्हा कोणी विषय काढला नाही. आई विचारते: गप्प राहू की विचारू? कोचिंग सोडवू का? "माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घे, पुन्हा करणार नाहीस" असं म्हणू का? आणि डॉक्टरकडे नेलं तर इथल्या मराठी मंडळींत बभ्रा होईल, पोलिसांचं काही होईल, त्याचं काय?

ताई,

सगळ्यात तातडीचं आधी सांगते. तिला विचारा, आणि आजच विचारा. पुढचं सगळं त्यानंतर.

तुमच्या यजमानांना वाटणारी भीती बहुतेक घरांत असते. आत्महत्येचा उच्चार केला की तो विचार पोराच्या मनात शिरेल, असं आपल्याला वाटतं. यावर बरेच अभ्यास झाले आहेत, किशोरवयीन मुलांवरही, आणि थेट विचारल्याने असे विचार वाढतात असं त्यांत आढळलेलं नाही. बऱ्याच मुलांना विचारल्यावर हलकंच वाटतं. ज्याच्या मनात तो विचार नाही, ते मूल "काहीतरीच काय विचारतेस" म्हणून मोकळं होतं. ज्याच्या मनात आहे, त्याला पहिल्यांदा कळतं की हे घरात बोलता येतं. आत्ता तुमची मुलगी हे एकटीच वागवते आहे आणि तुम्हीही एकट्याच. दोघींनाही माहीत आहे, आणि दोघीही गप्प आहात.

विचारायचं कसं, हे तुम्ही लिहिलं नाहीत, पण मला वाटतं खरी अडचण तिथेच आहे. जेवणाच्या पानावर, आजी समोर असताना नको. कोचिंगला निघायच्या घाईत नको. तिच्या खोलीत, दार लोटून, शेजारी बसून. समोरासमोर बसवून "मला तुझ्याशी जरा बोलायचंय" म्हटलं की मुलं आक्रसतात. रात्री दोघीच घराबाहेर चक्कर मारायला जात असाल तर तेही चालेल, चालताना नजरेला नजर द्यावी लागत नाही. शब्द साधे ठेवा: "बेटा, तुझ्या हातावरच्या खुणा मी पाहिल्या. मी रागावलेली नाही. मला काळजी वाटतेय. खूप त्रास होतो तेव्हा तू असं करतेस का?" आणि मग थांबा. ती गप्प बसली तर ती शांतता भरून काढायला जाऊ नका, आयांना ते फार अवघड जातं. मग पुढचं विचारा, आणि शब्द गिळू नका: "कधी असं वाटतं का, की आता जगूच नये? मरून जावं, आत्महत्या करावी, असा विचार येतो का?"

ती "हो" म्हणाली तर तिथेच थांबू नका. किती दिवसांपासून वाटतं, कधी जास्त वाटतं, काही ठरवलं आहे का, आज रात्री तुला स्वतःची भीती वाटते का, हे हळूहळू विचारा. काही ठरवलंय असं ती म्हणाली, किंवा आज रात्रीची खात्री देऊ शकली नाही, तर तिला क्षणभरही एकटं सोडू नका. सकाळची वाट न बघता थेट रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात न्या किंवा ११२ ला फोन करा. एमवायचा, म्हणजे इथल्या सरकारी महाराजा यशवंतराव रुग्णालयाचा, आपत्कालीन विभाग रात्रीही चालू असतो. तिने काही खाल्लं-प्यायलं असेल अशी नुसती शंका जरी आली, तरी ती "मी ठीक आहे" म्हणते म्हणून घरी थांबू नका.

ती "कुछ नहीं मम्मी, मांजराने ओरबाडलं" म्हणाली तर उलटतपासणी नको. "बरं. पण मला ते पटलेलं नाही, आणि मी पुन्हा विचारणार आहे" एवढंच म्हणा आणि खरंच दोन दिवसांनी पुन्हा विचारा. बहुतेक मुलं पहिल्या खेपेला सांगत नाहीत. आई बिथरते की ऐकून घेते, याचा ती अंदाज घेत असतात. आणि एक गोष्ट आपल्या इंदुरी घरांसाठी: मनातलं बोलायची वेळ आली की आपली मुलं पटकन हिंदीत शिरतात, कारण मित्रमैत्रिणींशी ती हिंदीतच जगतात. त्या क्षणी "घरात मराठीत बोल" हे वाक्य ओठावर येऊ देऊ नका. ती ज्या भाषेत बोलेल त्या भाषेत ऐका.

आता काय म्हणायचं नाही. "आम्ही तुला काय कमी केलं?" हे वाक्य आपल्या तोंडून इतक्या सहज निघतं की ते आरोप आहे हे आपल्या लक्षातही येत नाही. मूल दुःखात असताना त्याने आधी आईबापांची माफी मागावी, असा त्याचा अर्थ होतो. "बाबांना कळलं तर त्यांना काही होईल" हेही तसंच. अशा मुलांच्या मनात आपण घरच्यांवर ओझं आहोत ही भावना आधीच असते, आणि ही वाक्यं त्या भावनेवर शिक्का मारतात.

शपथेबद्दल तुम्ही मुद्दाम विचारलंत. तुमच्या डोक्यावर हात ठेवून ती शपथ घेईलही, कदाचित रडत रडत. पण स्वतःला इजा करणं ही तिच्यासाठी या घडीला असह्य भावना काही मिनिटांपुरती खाली आणायची वाट आहे. वाईट वाट आहे, पण तिला सापडलेली तेवढीच आहे. दुसरी वाट हातात न देता तुम्ही ही बंद केलीत, तर पुढच्या वाईट रात्री काय होईल? ती पुन्हा करेल, आणि आता तर आईचं आयुष्य पणाला लावून शपथ मोडली हा अपराध वर. मग ती तुमच्यापासून आणखी लपवेल, आणि पुढची जखम हाताऐवजी तुमच्या नजरेला पडणार नाही अशा जागी होईल. शपथेऐवजी तिच्याकडून एवढंच मागा: "पुन्हा तसं वाटायला लागलं की करायच्या आधी मला उठव. रात्री तीन वाजले तरी उठव. काही बोलायचं नसेल तर बोलू नकोस, नुसती माझ्याजवळ येऊन बस." आणि आधीच होऊन गेलं तर जखम दाखवायची, ओरडा बसणार नाही, हेही सांगा. जखम स्वच्छ करून, पट्टी बांधून, गरज असेल तर डॉक्टरांना दाखवून मोकळ्या व्हा. त्या वेळी प्रवचन नको.

तुम्हीही तिला एक खोटं वचन देऊ नका: "कुणालाही सांगणार नाही." तुम्हाला सांगावं लागणार आहे, डॉक्टरांना तर नक्कीच. "ज्यांच्याशिवाय चालणार नाही त्यांनाच सांगेन आणि सांगायच्या आधी तुला सांगेन" हे वचन तुम्हाला पाळता येईल.

सासूबाईंच्या "नाटकं" या मताचं उत्तर तुमच्याच पत्रात आहे. लक्ष वेधायचं असतं तर मे महिन्यात पूर्ण बाह्या कशाला? ती महिनोन् महिने लपवत आली आहे. आणि समजा एखादं मूल दाखवून करत असेल, तरी इतकं करून त्याला कुणाचं लक्ष हवं आहे, हेच काळजीचं कारण आहे. स्वतःला इजा करणाऱ्या बऱ्याच मुलांना त्या क्षणी मरायचं नसतं, हे खरं. त्यामुळे खुणा दिसल्या म्हणजे ती जीव देणारच, असं समजून घाबरून जाऊ नका. पण ज्यांनी पूर्वी स्वतःला इजा केली आहे त्यांच्यात पुढे आत्महत्येचा धोका इतरांपेक्षा बराच जास्त असतो, हेही तितकंच खरं आहे. म्हणून "वय आहे, जाईल" म्हणून सोडून देण्याजोगी ही गोष्ट नाही.

तुमच्या पत्रात मला सर्वांत जास्त टोचलं ते त्या मुलाबद्दलचं एका ओळीतलं वाक्य. त्याच्या जाण्यावर तुमच्या घरात एकदाच बोलणं झालं. ती त्याच्याशी किती बोलायची, हे तुम्हाला माहीत आहे का? कदाचित रोज एका बाकावर बसत असतील. कदाचित त्याने तिला काही सांगितलं असेल आणि तिने कुणाला सांगितलं नसेल, आणि तो भार ती वाहत असेल. ओळखीचं कुणी असं गेलं की आजूबाजूच्या मुलांनाही धोका वाढतो, विशेषतः जी आधीच हललेली असतात त्यांना. त्याच्याबद्दल तिला विचारा. तो कसा होता, हे विचारा. कसा गेला, याची चर्चा मात्र टाळा आणि "भित्रा होता", "आईबापांचा विचार केला नाही" असलं काही घरात कुणी बोलत असेल तर तिथल्या तिथे थांबवा. ती ऐकत असते.

आता कोचिंग. सगळ्याचं मूळ तिथेच आहे असं तुम्ही धरून चालला आहात. असेलही, पण तिला न विचारता ठरवू नका. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२च्या अहवालात देशभरात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्या नोंदल्या आहेत. त्याच वर्षी परीक्षेतलं अपयश हे कारण २,२४८ मृत्यूंपुढे लिहिलं गेलं. पोलिसांच्या रकान्यात एकच कारण बसतं आणि माणसाच्या आयुष्यात ती अनेक असतात, तरीही या आकड्यांवरून एवढं दिसतं की मार्कांपलीकडे पुष्कळ काही असतं. नैराश्याचा आजार असू शकतो. घरातली भांडणं, प्रेमातला नकार, बॅचमधली टिंगल, कुणीतरी फोटोंवरून धमकावणं, कुणा मोठ्याने केलेला नको तो स्पर्श, यांपैकी काहीही असू शकतं. उद्या कोचिंग सोडवलंत आणि तिथे तिची एकुलती एक जिवाभावाची मैत्रीण असेल, तर? शिवाय "मी हरले म्हणून मला काढलं" हाच अर्थ ती लावेल. दोन आठवडे सुट्टी घेऊ या, टेस्ट बुडू देत, मग डॉक्टरांशी बोलून तू आणि आम्ही मिळून ठरवू, असं म्हणा. नीट परीक्षा पुढच्या वर्षीही असते आणि डॉक्टर न होताही माणसं उत्तम जगतात. हे तिला तुमच्या यजमानांच्या तोंडून ऐकू द्या. तुमच्यापेक्षा त्यांचं वाक्य तिच्या मनाला जास्त भिडेल, असा माझा अंदाज आहे.

कोचिंगवाल्यांशी बोलायला संकोचू नका. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी जी मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली ती कोचिंगलाही लागू आहेत. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असतील तर प्रशिक्षित समुपदेशक हवा. गुणांवरून बॅच वेगळ्या करणं आणि चारचौघांत अपमान करणं शक्य तितकं टाळायचं आहे. तुमचा समुपदेशक कोण, फेब्रुवारीनंतर त्या बॅचशी कोण बोललं, एवढं विचारायचा तुम्हाला अधिकार आहे. मुलीचं नाव न घेताही विचारता येईल.

घरात आज एक काम करा, तिच्याशी बोलणं झालं नाही तरी करा. सासूबाईंची औषधं, घरातल्या उरलेल्या जुन्या गोळ्या, कीडनाशकं, धारदार वस्तू, हे सगळं कुलपात जाऊ द्या आणि किल्ली तुमच्याकडे ठेवा. आजींच्या गोळ्या तुम्ही रोजच्या रोज काढून द्या. "ज्याला करायचंय तो कुठूनही करतो" असं लोक म्हणतात, पण ते खरं नाही. जीव द्यावासा वाटण्याची ती टोकाची लाट बऱ्याचदा थोडा वेळच टिकते, आणि तेवढ्या वेळात हाताशी काही नसलं तर अनेक जीव वाचतात, पुढेही वाचलेले राहतात. हे करताना तिला चोर ठरवू नका. "सध्या तुझ्यासाठी घर जरा सुरक्षित करतेय" असं सरळ सांगा. तिच्या खोलीची कडी आतून लागणार नाही असं काही दिवस ठरवा, पण दार वाजवूनच आत जा. मोबाइल काढून घेऊ नका. रात्री जागरण नको म्हणून तो बैठकीत ठेवायचा नियम सगळ्यांसाठी, बाबांसकट, करता येईल. गुपचूप तपासलात ते एक दिवस तिला कळणारच आहे, त्यापेक्षा तुम्हीच सांगून टाका.

डॉक्टरांकडे जायचंच आहे, आणि या आठवड्यात. मानसोपचारतज्ज्ञ, शक्यतो मुलांसोबत काम करणारे. एमवायमध्ये मानसोपचार विभाग आहे, बाणगंगेला सरकारी मानसिक चिकित्सालय आहे, आणि खासगी डॉक्टरही शहरात आहेत. "बाणगंगा" म्हटलं की आपल्याकडे लोक अजून दचकतात, ते मला ठाऊक आहे. तिथे जायला मन धजत नसेल तर तुमच्या नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांपासून सुरुवात करा, पण सुरुवात करा. डॉक्टर तिच्याशी एकटीशी बोलतील तेव्हा बाहेर थांबा आणि गाडीत बसल्यावर "काय काय विचारलं?" म्हणू नका. बहुतेकदा बोलण्याचे उपचार, म्हणजे त्या लाटेत स्वतःला सांभाळायचं कसं हे शिकवणारे, मुख्य असतात. गोळ्या दिल्या तर पहिले काही आठवडे तिच्याकडे जास्त बारीक लक्ष ठेवा, अस्वस्थता वाढली तर लगेच कळवा, आणि बरं वाटतंय म्हणून आपल्या मनाने बंद करू नका.

पोलिसांची भीती मनातून काढा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ सांगतो की आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच गृहीत धरलं जाईल, तिच्यावर खटला चालणार नाही, तिला शिक्षा होणार नाही, आणि तिची काळजी घेणं हे सरकारचं कर्तव्य आहे. तुमच्या पत्रात तर असा प्रयत्न झाल्याचंही कुठे नाही. डॉक्टरांनी तिची माहिती गुप्त ठेवायची असते, हाही त्याच कायद्याचा भाग आहे. राहिला बभ्रा. लोकमान्य नगर, रामबाग, सुदामा नगर, आपली मंडळी कुठून ना कुठून ओळखीची निघतातच, गणपतीत तर सगळीच भेटतात. कुणी विचारलंच तर "तब्येत बरी नव्हती, उपचार चालू आहेत" एवढं उत्तर पुरेसं आहे आणि ते खरंही आहे. सोळाव्या वर्षी तिच्या लग्नाचा हिशोब मांडू नका, ताई. ती धडधाकट असणं हा पहिला हिशोब आहे.

इतर आईबाबांनी बाह्या वर सरकायची वाट बघू नये. झोप एकदम उडणं किंवा दिवसभर झोपणं, आवडीचं क्रिकेट-गाणं सुटणं, आंघोळ-जेवणाची टाळाटाळ, "माझ्यामुळेच सगळं होतं", "मी नसते तर बरं झालं असतं" अशी वाक्यं, गमतीतलीसुद्धा, जपलेल्या वस्तू मैत्रिणींना वाटून टाकणं, मित्रांना निरोपासारखे मेसेज करणं, यांकडे लक्ष द्या. आणि आठवडेच्या आठवडे खचलेलं मूल कारण नसताना एका दिवसात अगदी शांत, मोकळं झालं, तर "चला, सावरलं" म्हणून निर्धास्त होऊ नका. त्याच दिवशी विचारा. मुलगे रडण्यापेक्षा चिडतात, दारं आपटतात, गाडी बेफाम चालवतात, त्यामुळे त्यांचं दुखणं उद्धटपणा समजून मार खातं. यांतली एकच खूण दिसली म्हणून धोका आहे असं नाही, पण मूल पूर्वीसारखं राहिलेलं नाही असं तुम्हाला आतून वाटत असेल तर त्या वाटण्यावर विश्वास ठेवा.

यजमानांना हे पत्र वाचायला द्या आणि पहिल्या भेटीला दोघेही जा. नुसती आई गेली की मुलीला वाटतं बाबांना हे लाजिरवाणं वाटतंय. सासूबाईंना सगळं सांगायची गरज नाही. "तिला बरं नाही, डॉक्टरांनी टोमणे बंद ठेवायला सांगितलंय" एवढं यजमानांनी, त्यांच्या मुलाने, सांगावं. तुम्ही सांगितलंत तर वेगळाच वाद होईल.

आणि तुम्ही. रात्री उठून तिचा श्वास बघता, असं तुम्ही शेवटी लिहिलं आहे. टेलिमानस या केंद्र सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो, हिंदीत बोलता येतं आणि मराठीतही. तो फक्त मुलीसाठी नाही, पालकांनीही करायचा असतो. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे, तिथे ती स्वतःही बोलू शकते. दोन्ही नंबर तिच्या मोबाइलमध्ये तिच्या देखत टाका. पण आज दुपारी, ती कोचिंगहून यायच्या आत, १४४१६ वर आधी तुम्ही बोला. संध्याकाळी तिला काय विचारायचं, ते त्यांच्याशी एकदा बोलून बघा. म्हणजे तिच्याजवळ जाऊन बसाल तेव्हा आवाज फार कापणार नाही. कापला तरी चालेल, विचारा.